आंबलेल्या टाकीचे सात दिवस

शहापूर, शुक्रवार

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या ढाब्यांवर आपण ताटात जे टाकून उठतो ते पुढे कुठे जातं, हे पाहायला मी शहापूरला गेले. दोन दिवस पुरतील असा अंदाज होता. आठवडा लागला, कारण ते अन्न ज्या टाकीत जातं ती टाकी मी पोचले त्याच दिवशी आंबलेली निघाली.

आधी व्यवस्था सांगते. अकरा ढाब्यांचं उरलंसुरलं अन्न रोज सकाळी अकरा निळ्या पिंपांतून एक टेम्पो उचलतो आणि आटगावच्या पलीकडे, तानसाच्या जंगलाच्या बाजूला असलेल्या एका गावात आणतो. तिथे गोबरगॅसची टाकी आहे. टाकीत शेण थोडं आणि ढाब्याचं अन्न जास्त जातं, पण नाव गोबरगॅसच. टाकीतला गॅस शेजारच्या शेडमधल्या तीन शेगड्यांना मिळतो. तिथे बचतगटाच्या बायका तांदळाच्या भाकऱ्या भाजतात, आणि त्या भाकऱ्या त्याच ढाब्यांना जातात. टाकीतून बाहेर पडणारी पातळ स्लरी भातशेतीला. पिंपांतून निघालेलं प्लास्टिक शहापूरच्या शेडमध्ये निवडून, गठ्ठे बांधून भिवंडीला. पुण्यात आमच्या सोसायटीत ओला कचरा हिरव्या डब्यात टाकला की आपल्यापुरता संपतो. इथे तो संपत नाही. भाकरी होऊन परत महामार्गावर जातो, आणि ताटात उरला तर पुन्हा गावात येतो.

"ही बघा," भाकऱ्यांच्या शेडमधल्या मंदामावशींनी पिंपातून एक चतकोर उचलून दाखवली. "आमचीच भाकर. फिरून माहेरी आली."

मंदामावशी गटातल्या सगळ्यांत जुन्या भाकरी करणाऱ्या. टाकी सांभाळतात त्या कल्पनाताई, बौद्धवाडीतल्या, वय चाळिशीच्या पुढे. नवरा आटगावहून कल्याणला नोकरीला जातो. ताई आधी शहापूरच्या शेडमध्ये मजुरीवर भंगार निवडायच्या. टाकी बांधली तेव्हा तिचं काम शिकायला कुणी तयार नव्हतं, कारण त्यात हात घालावा लागतो. कल्पनाताई म्हणाल्या, हात तर आधीपासून घातलेलाच आहे. तेव्हापासून टाकी त्यांच्याकडे.

टाकीवर एक लोखंडी डोम असतो. गॅस साठला की तो वर उचलला जातो. त्या दुपारी डोम पुरुषभर वर आला होता. वाडीतली दोन माणसं ते पाहून खूश होती. मंदामावशींनी काडी लावली. शेगडीवर पिवळट ज्योत आली, थरथरली आणि गेली. दुसरी काडी. तिसरी.

"गॅस तर डोक्याच्या वर गेलाय," मंदामावशी म्हणाल्या. "मग पेटत का नाय गो?"

कल्पनाताईंनी एक डबी उघडली. त्यांनी टाकीच्या तोंडात एक कागदाची पट्टी बुडवली. आंबटपणा कळण्यासाठी असते तशी. पट्टीचा रंग त्यांनी डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला, मग दुसरी पट्टी बुडवली. दुसरीही तशीच निघाली.

याचा अर्थ त्यांनी मला नंतर सांगितला. टाकीत दोन प्रकारचे जंतू असतात. पहिले अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा जळणारा गॅस करतात. पहिले झपाट्याने वाढतात, दुसरे सावकाश. एकदम फार अन्न पडलं की पहिले पुढे निघून जातात, टाकी आंबते आणि दुसरे मरायला लागतात. गॅस तेव्हाही होतो, पण तो जळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला टाकी भरलेली दिसते.

एरवी हे दोन आठवड्यांत निस्तरलं असतं. पण पुढच्या गुरुवारी तालुक्याहून तपासणी येणार होती. तिन्ही शेगड्या सलग एक तास चालल्या पाहिजेत, ही अट. चालल्या तर टेम्पो इथेच येत राहणार. नाही चालल्या तर पिंपं पूर्वीसारखी बौद्धवाडीच्या वरच्या माळावर, जुन्या दगडखाणीत जाणार. खाणीच्या खाली वाडीची विहीर आहे. खाणीत कचरा पडत होता तेव्हा पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्यावर तवंग आला, आणि वाडीतल्या बायका पुढचा सगळा उन्हाळा रस्त्यापलीकडच्या पंपावरून पाणी आणत होत्या. मुंबईला जाणारं पाणी गावाशेजारून मोठ्या नळातून जातं. वाडीला ही एकच विहीर.

ज्यांनी टाकी बांधली त्या इंजिनियरना ताईंनी फोन केला. स्पीकरवर आवाज स्वच्छ ऐकू येत होता. खाणं पूर्ण बंद करा. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला. चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या टाकीतली ताजी स्लरी आणून विरजण लावा. आणि दोन आठवडे थांबा.

"साहेब, गुरुवारी तपासनी हाय."

पलीकडून आवाज आला, "मग विरजण लवकर शोधा."

बौद्धवाडी, शनिवार

टाकी का आंबली, हा प्रश्न राहिला होता. ताईंची नोंदवही चोख होती. रोज किती पिंपं, किती पाणी, किती शेण, सगळं लिहिलेलं. त्या आठवड्यात जास्तीचं काहीच नव्हतं.

सकाळी विहारासमोरच्या पारावर वाडीतल्या बायका जमल्या. बुद्धपौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, पताका अजून होत्या. वरच्या पाड्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या कुणबी घरांतल्या दोघी-तिघीही आल्या होत्या. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात लग्न झालं होतं. कल्पनाताईंनी सरळ विचारलं, "टाकीत कोनी काय घातला का?"

कडेला बसलेली एक बाई पदर सावरत म्हणाली, "मी एक डबा खीर घातली. एकच. पौर्णिमेची उरलेली."

"मी पन," तिच्या शेजारची.

"तू? तू तर मला बोललीस, पोरांनी संपवली."

"मंग काय सांगू? तुला सांगितला आसता तर तू बोलली आसतीस, हिच्या घरी खीर उरती."

थोडं हसू झालं. मग पाड्यातल्या एका बाईने सांगितलं की लग्नाचा भात आणि बुंदी त्यांनी पहाटे आणून ओतली. तिसरीने दूध-भात. चौथीने पुन्हा खीर. एकेक हात वर होत गेला आणि हसू कमी होत गेलं. प्रत्येकीने आपापल्या घरचं, ताई टाकीवर यायच्या आधी, गुपचूप नेऊन घातलं होतं. दुसरीनेही घातलं असेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

"पन का?" कल्पनाताईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

ज्या बाईने आधी कबुली दिली होती तीच म्हणाली, "साहेब येनार ना गो. गॅस कमी पडायला नको. घरी पावना येनार तर आपन टोप भरून ठेवतो का नाय? आन ती खानीची गोष्ट. आमाला काय ती हौस हाय का, पुन्ना त्या पंपावर जायची?"

ताईंनी मान हलवली. खीर म्हणजे साखर, दूध आणि तांदूळ. टाकी आंबवायला याहून चांगलं काही नाही.

दहाच्या सुमाराला टेम्पो आला. चालवणारा सलीम, राहणारा पडघ्याचा. पिंपांचं काय करायचं हा प्रश्न आता उभा होता. टाकीत एक चमचाही घालायचा नव्हता. परत पाठवली तर ती खाणीतच गेली असती आणि तसं तालुक्याला जाणाऱ्या टेम्पोच्या वहीत लिहिलं गेलं असतं. पिंपं दुपारी ढाब्यांना रिकामी परत हवी असतात. ऊन एवढं होतं की झाकणांवर हात ठेववत नव्हता.

"खत करू," ताई म्हणाल्या. "ओल्यावर सुका, ओल्यावर सुका, असे थर देऊ. पन सुका आनायचा कुठून?"

सुका पाला आणि पेंढा त्या घडीला गावात एकाच माणसाकडे होता. बाळूदादा, पाड्यातले शेतकरी, साठीचे. इथे भाताची रोपं पेरण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा, काटक्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. तण मरतं, राखेचं खत होतं. सगळ्यांचे राब एप्रिलमध्येच भाजून झाले होते. बाळूदादांनी यंदा भाजला नव्हता. कल्पनाताईंनी त्यांना स्लरी देण्याचं कबूल केलं होतं, आणि स्लरीवर रोपं चांगली येतात का हे त्यांना पाहायचं होतं. राबासाठी रचलेली गंज तशीच पडून होती.

आम्ही गेलो तेव्हा ते गंजीच्या सावलीत करवंदं खात बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुझा गॅस पेटत नाय, आन तुझ्या नादानं मी राब पेटवला नाय," ते म्हणाले. "दोघांचा मिळून या गावात काय पेटला, सांग बरं."

"दादा, माझी चूक हाय. पन—"

"तुझी कशी? खीर काय तू घातलीस?" त्यांनी बी थुंकली. "माझा बैल एकदा कणगीत तोंड घालून बसला होता. पोट असं टम्म. बघणारा म्हनला, बैल काय धष्टपुष्ट हाय तुमचा. तसाच हाय हा. ने ती गंज. पन ध्यानात ठेव, आता माझ्याकडं राबही नाय आन स्लरीही नाय. आंबट स्लरी मी वाफ्यावर घालनार नाय, रोपं जळतील. पाऊस तुला थांबनार नाय."

त्यांची बायको दारात उभी होती. आम्ही पेंढ्याचा पहिला भारा उचलला तेव्हा ती आत निघून गेली.

मुरबाड, रविवार

विरजण मुरबाडच्या पुढे एका म्हशींच्या गोठ्यावर मिळेल, असं इंजिनियरनी कळवलं होतं. गोठ्याचे मालक भोईरकाका. सलीमच्या टेम्पोतून, चार रिकामी पिंपं घेऊन, किन्हवली-सरळगाव रस्त्याने निघालो. पुढच्या सीटवर तिघं: सलीम, कल्पनाताई आणि मी. मागे माहुलीचे सुळके उन्हाने पांढुरके झाले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजलेल्या राबांचे काळे चौकोन, एकेका शेताच्या कोपऱ्यात एकेक, मोजून आखल्यासारखे.

वाटेत मुरबाडला औद्योगिक वसाहतीच्या कडेला थांबलो. तिथे पांढरा कोळसा बनतो. भाताचा तूस, पेंढा, लाकडाचा भुसा यंत्रात दाबून हातभर लांबीच्या कांड्या काढतात. आसपासच्या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये त्या दगडी कोळशाऐवजी जळतात, आणि उरलेली राख वीटभट्ट्यांना जाते. कल्पनाताईंना तिथून दोन दिवस पुरेल एवढा तूस हवा होता, बाळूदादांची गंज संपेल तेव्हासाठी.

आवारात तुसाचा डोंगर होता. मॅनेजर सभ्य माणूस, त्याने आम्हाला थंड ताक दिलं. तूस मात्र दिला नाही.

"मॅडम, हा सगळा आधीच बोललेला आहे. बॉयलर थांबला तर मला फोन येतात."

"तुमच्याकडं एवढा कचरा पडलाय," ताई म्हणाल्या.

"कचरा नका म्हणू ताई. कचरा होता तेव्हा लोक मला फुकट आणून टाकायचे. आता तुमच्याच शहापूरचे शेतकरी पेंढा आधी मला विचारून मग गुरांना घालतात." तो हसला. ताई हसल्या नाहीत.

शहापूरहून निघताना मला वाटत होतं की अशी वर्तुळं जितकी जास्त तितकं बरं. त्या आवारात वेगळं चित्र दिसलं. पेंढा एकच, आणि त्याला गिऱ्हाइकं चार: गुरं, राब, बॉयलर, आणि आता आमची पिंपं. एक वर्तुळ नीट चालू लागलं की दुसऱ्याला सुकं मिळेनासं होतं. याची नोंद कुठल्या अहवालात मी वाचलेली नव्हती.

त्या आवारात दोन तास गेले. भोईरकाकांच्या गोठ्यावर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. गोठा नीट राखलेला होता, म्हशी नुकत्याच धुतलेल्या. टाकीवरच्या नळीला काकांनी काडी लावली तशी निळी ज्योत सरळ उभी राहिली. कल्पनाताई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"विरजन मागायला आलेल्याला नाय म्हनत नाय आमी," भोईरकाका म्हणाले. "हवा तेवढा घ्या."

घरातून काकूंचा आवाज आला. "अवो, दिवा लागायच्या आत द्या. दिवेलागनीनंतर विरजन घराभायेर जात नाय."

"अगो, ते दह्याचा. हा शेणाचा हाय."

"विरजन ते विरजन."

काकांनी आमच्याकडे पाहून खांदे उडवले. आमच्या घरीही आजीच्या वेळी हा नियम होता, दही आणि मीठ दोन्हींना. तो गोबरगॅसला लागू होईल असं कधी वाटलं नव्हतं. कल्पनाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमी हे मानत नाय. पन बादल्या भराभर उचला."

चौघांनी मिळून पिंपं भरली. चौथं भरत आलं तेव्हा काकू हातात काडेपेटी घेऊन देव्हाऱ्याशी थांबल्या होत्या. शेवटची बादली ओतल्याचा आवाज आल्यावर त्यांनी काडी ओढली.

निघताना काकांनी बजावलं: झाकणं घट्ट लावू नका, वर गोणपाट बांधा, स्लरी जिवंत आहे, तिला श्वास लागतो. सलीमने मान डोलावली. पण वास त्याला सोसत नव्हता. आम्ही काकूंच्या हातचा चहा घेत असताना त्याने चारही पिंपांची झाकणं आवळली. सरळगाव सोडल्यावर मागे मोठा आवाज झाला. टेम्पो रस्त्याच्या कडेला गेला.

"टायर?" मी विचारलं.

सलीम मागे जाऊन परत आला. शर्टावर, केसांवर, कानावर स्लरी. "ताई, एक पिंप गेलं. ढक्कन उडून झाडात बसलंय." मग हलक्या आवाजात, "बाकी तीन फटेंगे क्या?"

कल्पनाताई उतरल्या. उरलेली झाकणं त्यांनी एकेक करून सैल केली. प्रत्येक वेळी आतून फुस्स आवाज यायचा आणि आम्ही दोन पावलं मागे सरायचो. चौथ्या पिंपातलं विरजण टेम्पोच्या फळीवरून रस्त्यावर गळत होतं. ताईंनी ते हातांनी ओढून, जेवढं निघालं तेवढं बादलीत भरलं. नंतर सबंध वाटभर त्या मागेच, पिंपांना धरून उभ्या राहिल्या.

बौद्धवाडी, सोमवार ते बुधवार

तीन पिंपं आणि एक बादली विरजण टाकीत गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ चुन्याची निवळी. त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच जड होतं.

ताईंनी टाकीच्या तोंडावर लाकडी फळी टाकून वर दगड ठेवला. लोक येत, दवाखान्यात भेटायला यावं तसे थोडे लांब उभे राहून विचारत, "कसा काय हाय आता?" ताई पट्टी दाखवत. सोमवारी रंग बदलला नव्हता. मंगळवारी बदलला असं मला वाटलं. ताई म्हणाल्या, उन्हात धरलात म्हणून तसं वाटतं.

जेवायला मी मंदामावशींकडे होते. वालाचं बिरडं, सुकट, कैरीची चटणी. शेडमधल्या शेगड्या बंद असल्याने भाकऱ्या लाकडांवर होत होत्या. मावशींचे डोळे लाल झालेले. ढाब्यांना भाकऱ्या वेळेवर जात होत्या, पण निम्म्या. टेम्पो रोज यायचा. रोज बाळूदादांची गंज कमी व्हायची आणि टाकीमागचा खताचा ढीग वाढायचा. कुत्री त्याच्याभोवती फिरू लागली होती.

दिवसातून एकदाच काडी लावायची, असा ताईंचा नियम. सोमवारी ज्योत आली नाही. मंगळवारी आली आणि मी हे टिपून घेईपर्यंत विझली. बुधवारी निळी ज्योत राहिली, आधणाचं पाणी कोमट होईपर्यंत.

त्या दुपारी मंदामावशी ताईंना बाजूला घेऊन गेल्या. मी ऐकण्याच्या अंतरावर होते, त्यांनीही मला जायला सांगितलं नाही.

"माझ्याकडं घरचा सिलिंडर हाय. भिंतीच्या मागं ठेवू. नळी त्याच नळीला जोडू. साहेब काय भिंत फोडून बघनार हाय का?"

"नको मावशी."

"तुला काय पाप लागतंय गो? विहिरीसाठीच ना?"

"पाप नाय." ताई म्हणाल्या. "सिलिंडरवर पास झाली तर साहेब बोलनार, टाकी एकदम ब्येस चालतीय, अजून चार ढाबे जोडा. मंग पंधरा पिंपं येतील. या टाकीला आज एक पचत नाय. आठ दिवसांत ती कायमची मरंल. मंग?"

मावशी म्हणाल्या, "मंग उद्या तवे दोनच चांगले तापव. तिसऱ्यावर मी हातानंच फुगवते भाकर." दोघीही हसल्या, पण फार वेळ नाही.

बौद्धवाडी, गुरुवार

साहेब अकराला आले, सोबत दोन माणसं. नाव देण्याचं कारण नाही. ते वक्तशीर होते आणि कुणाशी वाईट वागले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

तिन्ही शेगड्या पेटल्या. मंदामावशी आणि दोघी भाकऱ्या थापू लागल्या. शेडच्या बाहेर वाडी आणि पाडा दोन्ही उभे होते. बाळूदादा सगळ्यांत मागे. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा बाहेर कुजबुज झाली. पंधरा मिनिटांनी तिसऱ्या शेगडीची ज्योत बसली. तिच्यावरची भाकरी फुगेना, कडेने वातड होऊ लागली. तिथल्या बाईने आच वाढवायला चावी फिरवली, तर शेजारच्या दोन्ही शेगड्या थरथरल्या.

कल्पनाताई आत आल्या आणि त्यांनी तिसरी शेगडी स्वतः बंद केली.

"तीन म्हटलं होतं," साहेब म्हणाले.

"हो साहेब. दोनच चालतील आज."

तास पूर्ण होईपर्यंत भाकऱ्या थापणं चालू राहिलं. दोन शेगड्या चालल्या. शेवटची भाकरी उतरली तेव्हा घड्याळात तासाला वर चार मिनिटं झाली होती.

ताईंनी नोंदवही पुढे केली. पाच दिवस एकच ओळ लिहिलेली होती: आज टाकीत अन्न घातलं नाही. साहेबांनी कारण विचारलं, ताईंनी खीर सांगितली, लग्नाचा भात सांगितला, मुरबाडचं विरजण सांगितलं. बाहेर उभ्या असलेल्या बायका खाली पाहत होत्या. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"दोन तर चालल्या, आणि वही खरी आहे. टेम्पो इथेच येईल," ते उठताना म्हणाले. "पण खाण बंद झाली असं मला वर कळवायचंय. थोडी पिंपं इथे, थोडी खाणीत, असं लिहिता येत नाही. घ्यायची तर अकराच्या अकरा. एक जरी खाणीत गेलं, तर मग सगळीच खाणीत जाऊ द्यात."

त्यांची गाडी वळली तशी वाडीतली माणसं ताईंभोवती जमली. कुणी पाठीवर थापटलं. मंदामावशींनी भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. ताई चावत होत्या आणि पाहत होत्या बाळूदादांच्या वाफ्याकडे. जिथे गंज होती तिथे आता फक्त जमिनीवरचा पिवळा डाग उरला होता.

शुक्रवार, सकाळ

निघण्याआधी मी टाकीवर गेले. पट्टी बरी निघाली होती. ताईंनी पहिल्यांदाच ती मी न विचारता मला दाखवली. आता टाकीला खायला द्यायला हरकत नव्हती, पण थोडंच: आज दोन पिंपं, मग तीन, मग चार. अकरावर यायला दीड-दोन आठवडे. खताचा ढीग भरला होता आणि त्यावर घालायला सुकं काही नव्हतं. ताई पहाटेच पाड्यात आणि वाडीत घरोघर विचारून आल्या होत्या. पेंढा ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे गुरंही होती.

टेम्पो आला. सलीम उतरला. "साहेबांचा फोन होता. बोले, सगळी इथेच खाली कर."

"दोन उतरव," ताई म्हणाल्या.

"आणि बाकीची?"

त्यांनी हाताने माळाकडे दाखवलं.

सलीमने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, वहीत लिहावं लागतं मला. पढेंगे वो लोग."

"लिही. दोन घेतली, नऊ खाणीत. कल्पनानं पाठवली."

"एक दिवस सगळी टाकीत घातली तर? एकच दिवस?"

"बुंदी घालनाऱ्या पन तेच बोलत होत्या."

सलीमने वही बोनेटवर ठेवून लिहिलं. ताईंनी वाचलं आणि खाली सही केली, पूर्ण नावाने. दोन पिंपं उतरली. टेम्पो माळाच्या चढाला लागला. पहिल्या गिअरचा आवाज वाडीत सगळीकडे ऐकू येत होता.

विहिरीकडे निघालेल्या तिघी-चौघी कळशा घेऊन वाटेतच थांबल्या होत्या. टेम्पो खाणीच्या कडेला जाऊन मागे वळताना त्यांना दिसला. ओतण्याचा आवाज खालपर्यंत आला. ताईंनी पहिल्या पिंपाचं झाकण काढलं आणि प्लास्टिकचे चमचे वेगळे करायला हात आत घातला.

त्यांतली एक जण, खीर घातल्याचं आधी कबूल केलेली, दोन पावलं पुढे आली.

"कल्पना, आज पानी जास्त भरून ठेवू का गो?"

"भर," कल्पनाताई म्हणाल्या.